चार्म म्हणजे मोहिनी? दर वेळी नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की चार्म, स्पेल, एन्चांट, बिविच, फॅसिनेट, ग्लॅमर या सगळ्यांपुढे इंग्रजी-मराठी डिक्शनऱ्यांत फिरून फिरून "मोहिनी, भुरळ, जादू" एवढंच सापडतं, मग यांच्यात फरक काय आणि इटलीतल्या खेड्यावरच्या त्या सिरीजची सबटायटल्स करताना कुठे काय टाकायचं. सोबत तीन वाक्यं दिलीयत, त्यांच्याकडे शेवटी येतो. भाषांतर आणि कॉपी तपासणं यावरच माझं पोट चाललंय इतकी वर्षं, त्यामुळे उत्तर लांबणार, तयारीने बसा.

माझं म्हणणं आधी सांगून टाकतो. या घराण्यातला कुठलाही शब्द समोर आला की अर्थ बघण्याआधी एवढंच बघायचं की या शब्दात अजून भीती किती शिल्लक आहे. इंग्रजीतल्या चार्मची भीती बहुतेक मेलीय, "व्हॉट अ चार्मिंग लेडी" म्हटल्यावर कुणी लिंबू शोधायला धावत नाही. मराठीत मात्र काही शब्द अजून चांगलेच जिवंत आहेत, करणी म्हणा, मूठ मारणं म्हणा, भानामती म्हणा, गावात यातला एक शब्द चारचौघांत उच्चारला तर दोन घरांचं बोलणं बंद होऊ शकतं. काही अर्धमेले आहेत, मोहिनी, भुरळ. आणि काही इतके मेलेत की ते जादूटोण्यातले आहेत हेच कुणाच्या लक्षात येत नाही आणि आपण रोज पेपरात छापतो. डिक्शनरी या सगळ्यांना एका ओळीत बसवते, तिथेच तुमची फसगत होते.

आता चार्मची गोष्ट. हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या "कार्मेन"वरून. कार्मेन म्हणजे गाणं, कविता आणि मंत्रही, तिन्हीला एकच शब्द. रोमन लोकांचा सगळ्यात जुना लेखी कायदा म्हणजे बारा पाट्यांचा कायदा, इ.स.पू. ४५० च्या आसपासचा, त्यात कुणावर वाईट कार्मेन म्हणणं हा गुन्हा होता आणि मंत्र म्हणून दुसऱ्याचं पीक ओढून नेणं हाही. मूळ पाट्या कधीच गेल्या, प्लिनी या रोमन लेखकाने ते शब्द आपल्या ग्रंथात घेतले म्हणून राहिले. गंमत म्हणजे रोमन वक्ता सिसरो या वाईट कार्मेनचा अर्थ बदनामीचं कवन असा लावतो, म्हणजे त्यांच्यातल्या त्यांच्यातच वाद होता की हा मंत्र की टवाळीचं गाणं. एन्चांट पण तसाच, "कान्तारे" म्हणजे गाणं आणि "इन्कान्तारे" म्हणजे एखाद्यावर गाणं म्हणणं, आपण मारुतीच्या देवळात ऐकतो त्या चांटिंगचा तो सख्खा भाऊ. स्पेल हा जर्मानिक, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता बोलणं किंवा गोष्ट, गॉस्पेल मधला "स्पेल" तोच, म्हणजे चांगली वार्ता. मंत्र हा अर्थ त्याला १६ व्या शतकात येऊन चिकटला.

म्हणजे हे तीन शब्द तोंडातून निघालेले आहेत, आवाजाचे. आपल्याकडे मंत्र आहेच पण मला त्याहून नाद हा शब्द जास्त आवडतो. नाद म्हणजे ध्वनी, आणि "त्याला पत्त्यांचा नाद लागलाय", "तिच्या नादी लागून घर घालवलं", "नादावलाय नुसता". आवाजाने माणूस ओढला जातो हे या वापरात इतकं मुरलंय की कुणाला वेगळं सांगावं लागत नाही, आणि कोल्हापूरकरांनी तर "नादखुळा" करून त्याची थेट शाबासकीच करून टाकली. तेव्हा बाई गातेय आणि ऐकणारे एन्चांटेड झालेत असा सीन असेल तर "मंत्रमुग्ध" हा पेपरवाल्यांचा झिजलेला शब्द टाकण्यापेक्षा "नादावले" बघा बसतंय का. आणि मंत्र म्हणजेच कविता ही कार्मेनवाली भानगड आपल्याकडे पण आहे, नवनाथ भक्तिसार घरी असेल तर सुरुवातीचे अध्याय काढून बघा, मच्छिंद्रनाथ सप्तशृंगीच्या अंबेपुढे जे मागतात ते साबरी विद्येवर "कवित्व" करता यावं हेच. मंत्र रचणं म्हणजे कवित्व. रोमन माणसाला हे पटकन समजलं असतं.

दुसरा गट डोळ्यांचा आणि तिथे भाषांतरात सगळ्यात जास्त घोळ होतो. ग्लॅमर घ्या. हा शब्द मूळचा ग्रामरचा स्कॉटिश अपभ्रंश आहे, खरंच, व्याकरणवाला ग्रामर. ज्याला लॅटिन व्याकरण येतं त्याला पोथ्या वाचता येतात आणि ज्याला पोथ्या वाचता येतात त्याला जादू येत असणारच अशी लोकांची समजूत. १८ व्या शतकात स्कॉटलंडमध्ये "डोळ्यांवर ग्लॅमर टाकणं" म्हणजे समोर आहे ते दिसू न देणं आणि नाही ते दाखवणं, पुढे वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश लेखकाच्या लिखाणातून तो इंग्लंडभर गेला आणि सिनेमावाल्यांनी त्याची लिपस्टिक केली. आपल्याकडे याला हुबेहूब शब्द आहे, नजरबंदी. गारुड्याच्या खेळात म्हाताऱ्या बायका म्हणायच्या ना, "काही नाही गं, नजरबंदी करतो मेला". तेव्हा जुन्या काळातली गोष्ट असेल आणि त्यात ग्लॅमर आलं तर नजरबंदी लिहा, आजच्या हिरॉइनचं असेल तर ग्लॅमरच ठेवा, लोक तेच बोलतात. "मोहमयी झगमगाट" वगैरे करू नका प्लीज.

फॅसिनेट तर याहून भारी. लॅटिनमध्ये "फास्किनारे" म्हणजे दृष्ट लावणं, सरळसरळ. आणि "फास्किनुम" म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून घालायचा लिंगाच्या आकाराचा ताईत, रोमन लोक तो लहान पोरांच्या गळ्यात घालायचे आणि प्लिनी सांगतो की विजयाची मिरवणूक निघाली की सेनापतीच्या रथाखालीही लटकवायचे, कारण ज्याचं फार चांगलं चाललंय त्याच्यावरच लोकांचा डोळा. शोरूममधून निघालेल्या नव्या गाडीला लिंबू-मिरच्या बांधणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. म्हणजे आज आपण "आय ॲम फॅसिनेटेड" म्हणतो तेव्हा खरं "मला दृष्ट लागलीय" असं म्हणतोय. इंग्रजीने दृष्टीतली भीती काढून नुसतं खिळून बघणं ठेवलं. मराठीने दोन्ही ठेवलंय, "दृष्ट लागेल इतकं छान दिसतंय" या वाक्यात कौतुकही आहे आणि धास्तीही, आणि म्हणणारी बाई म्हणता म्हणताच कानशिलावर बोटं मोडते. गोव्यात दिश्ट म्हणतात आणि तिथे ती काढून घेताना हिंदू-ख्रिश्चन असा भेद फारसा राहत नाही. त्यामुळे नवी नवरी, लहान बाळ, सजवलेलं घर असं काही असेल तर चार्मिंग म्हणा ब्युटिफुल म्हणा, "दृष्ट लागण्यासारखं" हे बऱ्याचदा चपखल बसतं.

तिसरा गट वस्तूंचा. चार्म म्हणजे हातात किंवा गळ्यात घालायची वस्तू. इथे मराठीत इतके शब्द आहेत की नुसतं ताईत लिहून मोकळं होणं म्हणजे आळस. ताईत म्हणजे आत मंत्राचा कागद किंवा भस्म ठेवून बंद केलेली छोटी पेटी, बहुधा दंडाला नाहीतर गळ्यात. तावीज अरबी, मुळात आसरा मागणं अशा अर्थाचा. गंडा म्हणजे गाठी मारलेला मंतरलेला दोरा, शक्यतो काळा. बजरबट्टू म्हणजे काळ्या बियांचे मणी, आता कमी दिसतात. तान्ह्या बाळाच्या मनगट्या, सोन्याचा एक मणी काळा एक अशा, त्या दागिना म्हणून विकल्या जातात पण काळे मणी तिथे कशासाठी आहेत ते आजीला विचारा. वाघनख चांदीत मढवून पोराच्या गळ्यात घालायचे ते वेगळंच. आज मुली चार्म ब्रेसलेट घालतात त्यावर छोटे छोटे हार्ट आणि घुबडं लटकतात, त्याला चार्म म्हणतात ते याच जुन्या अर्थामुळे, पण ते भाषांतरात चार्मच ठेवा किंवा लटकन म्हणा, ताईत म्हणालात तर ती मुलगी तुमच्याकडे वेड्यासारखी बघेल. टॅलिस्मन पण आपल्याला अनोळखी नाही, ग्रीक "तेलेस्मा", अरबीत "तिलस्म", आणि हिंदी-उर्दूतून आलेला तिलिस्म तोच.

आता मी म्हणालो ते मेलेले शब्द, आणि मला वाटतं या विषयातला सगळ्यात मजेशीर भाग हाच आहे. उद्याचा कुठलाही मराठी पेपर घ्या. "जागावाटपावर अखेर तोडगा". तोडगा म्हणजे मुळात काय, बाधा झाली, गाय दूध देईना, पोर रडायचं थांबेना, तर देवऋषी सांगतो तो उपाय, चौकात अमुक टाका, पिंपळाला तमुक बांधा. तो अर्थही अजून आहे बरं का, यूट्यूबवर "घरगुती तोडगे" टाकून बघा किती निघतात, पण पुढाऱ्यांचा तोडगा छापताना कुणाच्या मनात लिंबू येत नाही. खाली दुसरी बातमी, "ज्येष्ठ नागरिकाला ऑनलाइन गंडा". इकडे तो गाठी मारलेला दोरा फसवणूक झाला, तिकडे गाण्यात गंडाबंधन म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला दोरा बांधून त्याला आपल्या घराण्यात घेणं, म्हणजे एकाच शब्दात एकीकडे आयुष्यभराचा विश्वास आणि दुसरीकडे बँक अकाउंट रिकामं. तिसरी बातमी, "मिरवणुकीला गालबोट". हे तर पार उलटं झालंय. गालबोट म्हणजे बाळाच्या गालावर लावलेली काजळाची तीट, दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम केलेला छोटा डाग, संरक्षण करणारा डाग, आणि पेपरात गालबोट म्हणजे चांगल्या कार्यक्रमात झालेली दगडफेक. डाग तेवढा राहिला, राखण गेली. आणि "श्रोते भारावून गेले". भारणं म्हणजे मंत्र टाकून शक्ती भरणं किंवा बांधून टाकणं, भारलेलं पाणी, भारलेला अंगारा, भारलेला साप. साहित्य संमेलनाच्या प्रत्येक रिपोर्टमध्ये श्रोते भारावतात पण एकालाही उतारा द्यावा लागत नाही. (उतारा पण बघा, पुस्तकातला उतारा, जमिनीचा सात-बारा उतारा, दारू उतरवायचा उतारा आणि तिठ्यावर रात्री ठेवलेला भाताचा उतारा. परीक्षेत "खालील उतारा वाचा" हे वाक्य गावच्या भगताने कसं वाचलं असतं असा मला कायम प्रश्न पडतो.)

या सगळ्यांवर कडी करतो तो उच्चाटन. तंत्रग्रंथांत सहा कर्मं सांगितलीयत, शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण. आपण जारण-मारण म्हणतो त्याच पठडीतलं. उच्चाटन म्हणजे एखाद्याचं चित्त उडवून त्याला घरातून, गावातून उखडून लावायचा प्रयोग. आता महाराष्ट्राच्या जादूटोणा विरोधी कायद्याचं पूर्ण नाव वाचा: महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३. जादूटोण्याचं उच्चाटन! ड्राफ्टिंग करणाऱ्याची चूक अजिबात नाही, शब्दातली भीती पूर्ण मेली होती म्हणूनच तो सरकारी भाषेत इतका साळसूद बसला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधेयक पास झालं, त्याआधी किती वर्षं ते लटकलं होतं ते सगळ्यांना माहितीय.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट भाषांतरासाठी कामाची आहे. ब्रिटनमध्ये १७३५ साली विचक्राफ्टचा नवा कायदा आला तेव्हा गुन्हा बदलला, आधी चेटूक करणं हा गुन्हा होता, नव्या कायद्यात मला चेटूक येतं असं सांगून लोकांना लुबाडणं हा गुन्हा झाला, आणि तो कायदा थेट १९५१ पर्यंत चालू होता. आपल्या २०१३ च्या कायद्याचा रोखही अशी शक्ती असल्याचा दावा करून फसवणाऱ्या, छळणाऱ्या माणसावर आहे. तेव्हा १७ व्या शतकातल्या खटल्यात "शी इज अ विच" म्हटलं तर तिथे जिवावर बेतलेलं आहे आणि १९ व्या शतकातल्या कोर्टात तोच आरोप म्हणजे भोंदूगिरी. मराठीत पहिलीकडे चेटकीण, दुसरीकडे भोंदू. आणि विचसाठी डोळे मिटून चेटकीण लिहिण्याआधी थांबा. चेटकीण आता बालनाट्यातली झालीय, लांब नाक आणि झाडू. सातपुड्यात, नंदुरबारकडच्या डोंगरात डाकीण म्हणतात आणि तो शब्द ज्या बाईला चिकटतो तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं. बातमीच्या किंवा डॉक्युमेंटरीच्या भाषांतरात तिथे चेटकीण लिहिलं तर प्रेक्षक हसतो आणि बाईचं मरण बाजूला राहतं.

हा आरोप किती जुना आहे ते बघायचं असेल तर ऋग्वेदाच्या ७ व्या मंडळातलं १०४ वं सूक्त काढा. तिथे बोलणारा शपथेवर म्हणतो, "अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि", मी यातुधान असेन तर आजच मरेन, म्हणजे कुणीतरी त्याच्यावर चेटक्या असल्याचा आळ घेतलेला आहे. यातु म्हणजे जादू, आणि नुसता अर्थ तोच असं नाही, आपला "जादू" फारसीतून आला तो याच यातूचा इराणी भाऊ, पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात पण यातुच आहे. घरातून बाहेर गेलेला शब्द वेष बदलून परत आला म्हणा ना. मराठीत अभ्यासक मॅजिकला यातुविद्या म्हणतात ते म्हणून बरोबरच आहे पण सबटायटलमध्ये घालू नका, कुणाला झेपणार नाही.

ताबा घेणारे शब्द राहिले, बिविच, पझेस, मेस्मराइज वगैरे. झपाटणं आणि पछाडणं हे भुताचे पण आता कामाचेही, "झपाटून अभ्यास केला" मध्ये कौतुक आहे. "पछाडलाय" मध्ये थोडी काळजी आहे, फरक लक्षात ठेवा. गारुड हा शब्द गरुडावरून, साप चावला की विष उतरवायचा मंत्र तो गारुड, ते जाणणारा तो गारुडी, पुढे गारुडी म्हणजे सापाचे खेळ करणारा झाला आणि लेखक मंडळींनी "मनावर गारुड" करून त्याला दिवाणखान्यात आणून बसवलं. बरा शब्द आहे पण वापरून वापरून गुळगुळीत झालाय, परीक्षण लिहिणाऱ्यांनी वर्षभर त्याला सुट्टी द्यावी असं माझं मत.

भूल मात्र बघाच. भूल पाडणं म्हणजे मोहात पाडणं, रानभूल म्हणजे रानात वाटच न सापडणं, भूलथापा निवडणुकीत, आणि भूल देणं हॉस्पिटलमध्ये, भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी बेशुद्ध करणाऱ्या डॉक्टरला आपण मोहिनी घालणारा म्हणतोय आणि तेही अगदी सहज. इतिहासात हे दोन अर्थ एकदा खरोखर एकाच टेबलावर आले होते. मेस्मराइज हा शब्द फ्रान्झ आंतोन मेस्मर या डॉक्टरच्या नावावरून, माणसाच्या अंगातून चुंबकासारखा प्रवाह जातो आणि त्याने रोग बरे होतात असा त्याचा दावा होता, १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली, तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन पण होता आणि समितीने असा काही प्रवाह नसतो असा निर्वाळा दिला. तरी १८४५ मध्ये बंगालमध्ये हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन रोग्यांना मेस्मराइज करून मोठमोठ्या गाठी कापायला लागला, हस्तस्पर्श आणि फुंकर, तासन् तास, आणि रोगी ओरडत नव्हते असं त्याने लिहून ठेवलंय. १८४६ मध्ये कलकत्त्यात त्याला हॉस्पिटलही मिळालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात बोस्टनला इथर हुंगवून भूल द्यायचा प्रयोग यशस्वी झाला आणि मग फुंकरीची गरज उरली नाही. अशा काळातलं काही भाषांतर करत असाल तर हिप्नोटिझम किंवा संमोहन लिहिण्याऐवजी "भूल" लिहा, एका शब्दात दोन्ही येतं. संमोहन हा शब्दही गरीब नाही म्हणा, मदनाच्या पाच बाणांतला तो एक आहे, उन्मादन, शोषण, तापन आणि स्तंभन यांच्यासोबत, पण आता त्याला क्लिनिकचा वास लागलाय.

माणसाचा चार्म याबद्दल थोडक्यात. इथे मोहिनी शक्यतो नको, कारण मोहिनी म्हटलं की विष्णूने अमृतवाटपात असुरांना फसवलं ते येतं, म्हणजे मुद्दाम घातलेली, हेतू असलेली. माणसाच्या अंगचा गोडवा असेल तर लाघवी हा फार सुंदर शब्द आहे, लाघवी बोलणं, लाघवी पोर. लोभस चेहऱ्याला. मोहक दिसण्याला, साडीला, जागेला. म्हाताऱ्या माणसाच्या चार्मला रुबाब किंवा ऐट हे कधी कधी जास्त जवळचं असतं. कॅरिस्मा म्हणजे चार्मच असं बरेच जण धरून चालतात, तो ग्रीक आहे, कृपा या अर्थाच्या शब्दावरून, चार्मशी काही नातं नाही, तिथे करिष्मा किंवा वलय. आणि मॅजिकलसाठी "जादुई" लिहिणं बंद करा, जादुई संध्याकाळ, जादुई क्षण, ही जाहिरातींची मराठी आहे, घरात असं कुणी बोलत नाही.

उरलेसुरले पटकन. "वर्क्स लाइक अ चार्म" म्हणजे रामबाण, किंवा "मात्रा लागू पडली". "लकी चार्म" वस्तू असेल तर लकी चार्मच म्हणतात सगळे, माणूस असेल तर पायगुण, "सून आली आणि धंदा चालला, पायगुण". प्रिन्स चार्मिंग म्हणजे स्वप्नातला राजकुमार. राजकारणातल्या बातमीत चार्म ऑफेन्सिव्ह आलं तर साखरपेरणी, याहून चांगलं मला सापडलेलं नाही. गोल्डफिंच पक्ष्यांच्या थव्याला पण इंग्रजीत चार्म म्हणतात पण तिथे मोहिनीचा संबंध नाही, किलबिलाट या अर्थाच्या जुन्या शब्दाचं ते रूप, चिवचिवणारा थवा म्हणा.

आता तुमची तीन वाक्यं. पहिलं, आजी नातीच्या गळ्यात "अ चार्म अगेन्स्ट द ईव्हिल आय" घालते. इटलीत ते बहुधा कोर्निचेल्लो असणार, मिरचीसारखं दिसणारं लाल शिंग, स्क्रीनवर दिसतंय ते. त्याला ताईत म्हणू नका कारण प्रेक्षकाला पेटी दिसत नाहीये, शिंग दिसतंय. "दृष्टीसाठी आहे हे, काढायचं नाही" एवढं पुरे, आजीच्या तोंडी शोभतं आणि वस्तूचं नाव घ्यायचीच गरज पडत नाही.

दुसरं, विहिरीवरच्या बायका कुजबुजतात की "द होल व्हिलेज इज अंडर हर स्पेल". तुम्ही "अख्खं गाव तिच्या मोहिनीत आहे" केलंय. या बायका घाबरलेल्या आहेत हे तुम्हीच लिहिलंय, मग मोहिनी नाही चालणार. करणी लिहावंसं वाटेल, पण घाबरलेली मराठी बाई करणी हा शब्द पण तोंडाने काढत नाही, ती म्हणते "काहीतरी केलंय", "बाहेरचं आहे". नाव घेतलं की आपल्याला लागेल ही धास्ती. म्हणून "तिनं गावावर काहीतरी केलंय गं". कुजबुजीला हेच बरोबर, आणि लहान पण आहे. पुढच्या एपिसोडमध्ये पाद्री चर्चमध्ये उभा राहून हाच आरोप मोठ्याने करतो म्हणालात, तिथे मात्र चेटूक.

तिसरं, मोठी बहीण धाकटीला सांगते, "डोन्ट फॉल फॉर हिज चार्म". इथे भीती जादूची नाही, पोराची आहे. "त्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस". ओळीत जागा कमी असेल तर "त्याच्या नादी लागू नकोस" पण चालेल, फक्त ते जरा जास्त कडक आहे, आई म्हणेल तसं. बहीण कितीने मोठी आहे ते बघून ठरवा.